दोन डोळ्यांची लेन्स, ऑटोफोकस मात्र एकाच डोळ्याचा? डावी बाजू सतत नरम येऊन राहिली

लाकडीबैल_नागपूर:
नमस्कार मंडळी, मी नागपूरच्या महाल भागातली. घरी आजोबांच्या वेळेपासूनचे तान्ह्या पोळ्याचे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं मिरवतात ते) लाकडी बैल आहेत, सात-आठ, एकाची उंची तर दीड फूट, बाकीचे बोटभर ते वीतभर. पोळा आता तीन आठवड्यांवर आला आणि या वेळी डोक्यात आलं की साधे फोटो नाही, थ्रीडीत काढायचे, म्हणजे डोळ्यांवरचा व्हीआर हेडसेट लावला की बैल समोर हातभर अंतरावर उभा दिसला पाह्यजे, शिंगांवरचा रंगाचा पोपडा, झुलीचे टाके, सगळं. त्यासाठी एकाच बॅरलमध्ये दोन छोट्या लेन्स असलेली स्टिरिओ लेन्स भाड्याने आणली. फोकल लेंथ ८ मिमीच्या आसपास, एफ/४ (हा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान), दोन भिंगांमधलं अंतर १२ मिमीच्या आसपास, कॅमेऱ्याची बॉडी ३२ मेगापिक्सेलची, एपीएस-सी म्हणजे मधल्या आकाराच्या सेन्सरची. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात जाते आणि माझं काम राहून जाते.

तर प्रॉब्लेम असा की फोकसचा चौकोन मी स्क्रीनवरच्या उजव्या चित्रात बैलाच्या डोळ्यावर ठेवते, अर्धं बटण दाबते, हिरवं होते, फोटो काढते, उजवं चित्र एकदम कडक आणि डावं नरम. फार नाही, पण झूम केलं की पापण्यांची काळी रेघ पसरलेली दिसते. २० सेंटिमीटरवरून काढून राहिली. लेन्सवर एका बाजूचा फोकस वेगळा सरकवायची सोय आहे, म्हणून डावं नरम आहे तर डावी लेन्स निवडून रिंग थोडी फिरवली, तर सुधरायचं सोडून फरक दुप्पट झाला. बाप्पा! घाबरून होती तिथे परत आणली. हेडसेटमध्ये पाच मिनिटं पाह्यलं की कपाळ ठणकते. दुकानवाला म्हणते "मॅडम लेन्स ओके आहे, तुमचं सेटिंग चुकते". कोणी वापरली आहे का अशी लेन्स? ऑटोफोकस अजून अचूक करता येते का, की हे असंच असते?

तर्री_जास्त:
नागपुरातल्या ऑगस्टच्या उकाड्यात कॅमेराच काय माणसाचा पण फोकस हलते ताई 😄 पण सिरियसली, एसीच्या खोलीतून बाहेर आणली असेल तर भिंगावर दव जमते, एका बाजूला आधी वाळते, दुसरीकडे नाही. मागच्या वर्षी फुटाळा तलावावर माझं असंच झालं होतं, अर्धा तास बॅग बंद ठेवली मग ठीक. आणि उन्हाने मेटल फुगते ते वेगळंच.

लाकडीबैल_नागपूर:
नाही भाऊ, घरात एसी नाहीच, कूलर आहे आणि तो पण फोटो काढताना बंद ठेवते कारण झूल हलते. पुसून पण पाह्यलं.

स्टुडिओकाका:
बेटा, सीताबर्डीवर बत्तीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली निम्मी वर्षं लोकांच्या कॅमेऱ्याचा फोकस पुढे जाते का मागे हे शोधण्यात गेली, तर म्हाताऱ्याचं ऐक. आधी हे ठरव की तुझी चूक रोज वेगळी येते की रोज तीच येते. या दोन वेगळ्या बिमाऱ्या आहेत आणि औषधं पण वेगळी. पोरं दोन फोटो काढतात आणि लगेच लेन्सला शिव्या देतात.

पाच पेन्सिल सेल घे. टेबलावर तिरक्या ओळीत उभे कर, प्रत्येक सेल आधीच्यापेक्षा दीड सेंटिमीटर मागे आणि थोडा बाजूला, म्हणजे सगळे दिसले पाहिजेत. मधल्या सेलच्या अक्षरांवर चौकोन, कॅमेरा ट्रायपॉडवर, सेलच्या उंचीला, टायमर लावून. दर वेळी फोटोच्या आधी फोकस मुद्दाम बिघडव, पाच वेळा एकदम जवळ नेऊन आणि पाच वेळा लांब नेऊन, मग ऑटोफोकस करू दे. असे दहा फोटो. मग दोन्ही चित्रात वेगवेगळं पाहा की कोणता सेल सगळ्यात कडक आहे, आणि कागदावर लिहून काढ, डोक्यात ठेवू नको.

बैलावर टेस्ट करू नको, बैल गोल असते, गोल वस्तूवर कॅमेऱ्याने शिंग पकडलं की कान हे कळत नाही.

आणि एक गोष्ट, कपाळ ठणकण्याचं खापर सगळं फोकसवर फोडू नको. जुन्या स्टिरिओवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे, दोन भिंगांमधल्या अंतराच्या तीसपट लांब तरी सगळ्यात जवळची वस्तू असावी. माझ्याकडे फुजीचा डब्ल्यू३ हा थ्रीडी कॅमेरा आहे, २०१० चा, त्यात दोन भिंगांत ७५ मिमीचं अंतर, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत कोणी आलं की डोळे तिरळे व्हायची पाळी. तुझं १२ मिमी, म्हणजे ३६ सेंटिमीटर. तू २० वर बसली आहे. नियम दगडावरची रेघ नाही, मागची भिंत साधी आणि जवळ असली तर चालून जाते, पण मागे सगळी खोली दिसत असेल तर डोक्याला ताण येणारच, फोकस कितीही कडक असो.

पुणेरी_लेन्स:
मुळात इतक्या रुंद लेन्सला ऑटोफोकस कशाला हवा हा माझा प्रश्न आहे. पॅनासॉनिकने २०१० मध्ये १२.५ मिमीची थ्रीडी लेन्स काढली ती एफ/१२ आणि फिक्स फोकस, रिंगच नाही. कॅननची २०२१ ची ५.२ मिमीची ड्युअल फिशआय (दोन अतिरुंद भिंगांची लेन्स) तर एवढी महाग असून मॅन्युअल फोकस. लोक त्यावर प्रोफेशनल काम करतातच की. एफ/१६ लावा, एकदा फोकस करा, रिंगवर चिकटपट्टी मारा, विषय संपला.

अर्धा_पिक्सेल:
विषय संपला नाही हो 🙂 मी ऑप्टिक्समध्ये काम करतो (नागपूरचाच, सध्या बाहेर), जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

पुणेरी, तुमचं दोन मीटरच्या पुढे बरोबर आहे. ताई २० सेंटिमीटरवर आहेत. तिथे एफ/४ ला कडक येणारा अंतराचा पट्टा ढोबळमानाने १७ ते २३ सेंटिमीटर, म्हणजे बैलाचं तोंड पकडलं तर शेपूट गेलीच. एफ/१६ ने पट्टा वाढतो पण डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) खाऊन टाकतं, एफ/१६ ला एका बिंदूचा ठिपका २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) होतो आणि ताईंच्या सेन्सरचा पिक्सेल ३.२ मायक्रॉनचा, म्हणजे सहा-सात पिक्सेलचा गोळा, दोन्ही डोळ्यांत सारखाच. मग कडक कडक म्हणून खूश व्हायचं पण टाके दिसायचे नाहीत. एफ/५.६ ते एफ/८ च्या पुढे जाऊ नका.

आता मूळ दुखणं. दोन्ही लेन्स एकाच मोटरवर पुढेमागे होतात, बरोबर? आणि चौकोन एकाच चित्रात असतो. म्हणजे कॅमेरा एकाच लेन्समधून मोजतो, दुसरी आपली बैलजोडीतल्या दुसऱ्या बैलासारखी मागे मागे जाते. ऑटोफोकसने शंभर टक्के अचूक काम केलं तरी दोन्ही भिंगं बसवताना एक केसभर पुढेमागे असेल तर एक चित्र नरम येणारच, आणि ते ऑटोफोकस कधीच सुधारू शकत नाही कारण त्याला ते दिसतच नाही. केसभर हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. ८ मिमीच्या लेन्सला २० सेंटिमीटरऐवजी २३ सेंटिमीटरवर फोकस करायचा तर भिंग फक्त ०.०४५ मिमी सरकतं. डोक्यावरचा केस यापेक्षा जाड असतो बहुतेकांचा.

आणि ही चूक अंतर बदलून जात नाही हे लक्षात घ्या. ०.०४५ मिमी भागिले एफ नंबर ४, म्हणजे ११ मायक्रॉनचा डाग, साडेतीन पिक्सेल. वस्तू २० सेंटिमीटरवर असो की दोन मीटरवर, जिथे पहिली लेन्स कडक तिथे दुसरी साडेतीन पिक्सेल नरम. एफ/८ ला हाच डाग अर्धा होतो, त्यामुळे पुणेरींचा सल्ला चूक झाकायला चालेल, काढायला नाही.

तर्री, गरमीचं सांगतो. १० मिमी ॲल्युमिनियम २० अंशांनी तापलं तर पाच मायक्रॉनच्या आत वाढतं. आणि तापतं दोन्हीकडे सारखंच. उन्हाळा यातून निर्दोष सुटला.

ताई, काकांची सेलची टेस्ट करा आणि आकडे टाका. ती अगदी परफेक्ट टेस्ट आहे, आमच्या लॅबमध्ये हेच करतात, फक्त सेलऐवजी महागडी पट्टी असते.

तर्री_जास्त:
निर्दोष सुटला 😂 मे महिन्यात या इकडे, मग बोलू.

लाकडीबैल_नागपूर:
केली टेस्ट. घरात पाच सारखे सेल नव्हते, बाबांच्या टीव्हीच्या रिमोटमधले दोन, घड्याळातला एक आणि दोन दुकानातून आणले, त्यात एक वेगळ्या कंपनीचा निघाला पण अक्षरं आहेत त्याच्यावर, चालते. बातम्यांच्या वेळेला रिमोट बंद म्हणून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

मधला सेल २० सेंटिमीटरवर. दहापैकी दहाही वेळा उजव्या चित्रात मधलाच सेल कडक. जवळून आलं काय नि लांबून आलं काय, काही फरक नाही. आणि डाव्या चित्रात दहाही वेळा शेवटचा सेल, म्हणजे २३ सेंटिमीटरवाला! अर्धा पिक्सेल दादा, तुम्ही २० आणि २३ चं उदाहरण दिलं तेच कसं काय निघालं, मला तर भीती वाटली.

मग चौकोन डाव्या चित्रात ठेवून अजून पाच काढले, तर डावीकडे मधला कडक आणि उजवीकडे त्याच्या पुढचे दोन सेल, पहिला की दुसरा सांगता येत नाही, मधेच कुठेतरी. म्हणजे चूक रोज तीच आहे काका. ऑटोफोकस बिचारा बरोबर आहे.

पण मग बैलावर कधी कधी दोन्ही नरम येते ते का? झुलीवर चौकोन ठेवला की तर हमखास, पुढेमागे शोधत बसते आणि लाल होते.

स्टुडिओकाका:
शाब्बास बेटा. कागदावर लिहिलं ना? तो कागद लेन्सच्या बॅगेत ठेव, दुकानवाल्याला दाखवायला.

झुलीवरच्या रेघा आडव्या आहेत का उभ्या?

लाकडीबैल_नागपूर:
आडव्या. लाल-पिवळी-हिरवी पट्टी, गोटा किनारीसारखी.

अर्धा_पिक्सेल:
काकांनी बरोबर नस पकडली. सेन्सरवरचा फेज डिटेक्शन, म्हणजे कॅमेऱ्याची फोकस मोजायची पद्धत, ही सुद्धा एक छोटा स्टिरिओच आहे. प्रत्येक पिक्सेलचे डावा-उजवा असे दोन भाग, भिंगाच्या डाव्या बाजूने आलेलं चित्र आणि उजव्या बाजूने आलेलं चित्र वेगळं पाहतात, दोन्ही जुळले की फोकस. बहुतेक ड्युअल पिक्सेल सेन्सरमध्ये हे भाग डावे-उजवेच असतात, त्यामुळे उभी रेघ सरकलेली कळते, आडवी रेघ बाजूला सरकवा नाहीतर नका सरकवू, तशीच दिसते. साध्या लेन्सवर माणूस कॅमेरा जरा तिरपा करून फोकस लॉक करतो आणि परत सरळ करतो. स्टिरिओत शेवटचा फोटो सरळच हवा, तिरपा राहिला आणि नंतर फिरवून सरळ केला तर एक चित्र वर एक खाली जातं आणि हेडसेटमध्ये उलटी व्हायची वेळ येते. त्यापेक्षा झूल सोडा, शिंगाची कड, कानाची कड, पायाची कड, असं उभं काहीतरी धरा, किंवा त्याच अंतरावर छापील कागद उभा धरून फोकस करा आणि मॅन्युअलवर टाकून कागद काढून घ्या.

आणि भिंगाचा व्यास किती? ८ भागिले ४, म्हणजे २ मिमी. दोन डोळे २ मिमीच्या आत असलेला प्राणी अंतर मोजतोय, हे लक्षात ठेवा. अंधार असेल तर चुकणारच. फोकस करताना टॉर्च मारा.

आता डाव्या-उजव्याचा मुद्दा. ताई, तुम्ही डावं चित्र नरम म्हणून *डावी लेन्स* फिरवली होती ना?

लाकडीबैल_नागपूर:
हो. डावी म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे उभं राह्यलं की आपल्या डाव्या हाताकडची.

अर्धा_पिक्सेल:
तिथेच गोची आहे. प्रत्येक भिंग आपलं चित्र सेन्सरवर उलटं टाकतं. कॅमेरा आख्खा फोटो १८० अंशात फिरवून सरळ करतो, त्याला काय माहीत यात दोन चित्रं आहेत. आख्खा फिरवल्यावर चित्रं सरळ होतात पण त्यांच्या जागांची अदलाबदल होते. म्हणजे स्क्रीनवर डावीकडे दिसतं ते *उजव्या* लेन्सचं. नंतर सॉफ्टवेअर त्यांना परत आपापल्या जागी लावतं. बोटाने एक एक लेन्स झाकून पाहा, दहा सेकंदांचं काम.

तुमची नरम लेन्स उजवी आहे. तुम्ही चांगली असलेली डावी सरकवली, मग ऑटोफोकसने चौकोनातलं (म्हणजे त्याच डाव्या लेन्सचं) चित्र परत कडक करायला दोघींना उलट्या बाजूला ढकललं, बिचारी उजवी अजूनच दूर गेली. म्हणून दुप्पट.

लाकडीबैल_नागपूर:
झाकून पाह्यलं. अगं बाई!! उजवी झाकली की डावीकडे अंधार. मी इतके दिवस भैताडासारखी चांगल्या डोळ्यालाच चष्मा लावून राहिली होती.

पुणेरी_लेन्स:
हे मलाही माहीत नव्हतं, कबूल करतो. फिशआयच्या फाइल्स सॉफ्टवेअरमध्ये टाकल्याशिवाय बघितल्याच नाहीत कधी.

लाकडीबैल_नागपूर:
एक वेडा प्रश्न विचारते. बैल जवळ असला की दोन चित्रांत त्याची जागा जास्त वेगळी असते, दूर असला की कमी. मग कॅमेरा हाच फरक मोजून अंतर का नाही काढत? दोन डोळे आहेतच ना त्याला, २ मिमीवाल्या डोळ्याने कशाला पाहायचं.

अर्धा_पिक्सेल:
वेडा नाही, हाच खरा प्रश्न आहे. जुने रेंजफाइंडर कॅमेरे हेच करायचे, १९५४ च्या लायका एम३ मध्ये दोन खिडक्यांतली दोन चित्रं एकमेकांवर आणली की फोकस. तुमच्याकडे १२ मिमीचं अंतर आहे, भिंगाच्या २ मिमीच्या सहापट, तेवढं माप जास्त बारीक मिळायला हवं. हिशोब करून दाखवतो. ८ गुणिले १२ भागिले २०० मिमी, म्हणजे सेन्सरवर ०.४८ मिमी, १५० पिक्सेल. दोन मीटरवर १५ पिक्सेल.

म्हणजे सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले पिक्सेलमधला फरक नेहमी ३००० च्या जवळ. १२० पिक्सेल आले तर २५ सेंटिमीटर, १०० आले तर ३०, ७५ आले तर ४०. फक्त आधी शून्य ठरवावं लागेल, गच्चीवरून दूरच्या मोबाईल टॉवरचा फोटो काढा, त्यात दोन चित्रांत टॉवर जितका वेगळा दिसेल ते पुढे प्रत्येक मापातून वजा करा. मग लॅपटॉपवर मोजून फोकस बरोबर बसला की नाही ते तपासता येतं, आणि मॅन्युअल करायचं असेल तर अंतर मोजायला मोजपट्टीची गरज नाही.

अडचण कुठे येते तर दोन चित्रांत *तोच* बिंदू शोधण्यात. माणसाला सोपं, मशीनला नाही. बैलाच्या गळ्यात घुंगरांची माळ आहे? सगळे घुंगरू सारखे. मशीन एका चित्रातला तिसरा घुंगरू दुसऱ्या चित्रातल्या चौथ्याशी जुळवतं आणि छाती ठोकून चुकीचं अंतर सांगतं. शिवाय शिंगाच्या टोकावर चौकोन असेल आणि तोच चौकोन दुसऱ्या चित्रात त्याच जागी ठेवला तर १५० पिक्सेल बाजूला, म्हणजे मागच्या भिंतीवर. आणि भिंगं जराशी हलली की हे सगळं माप परत करायचं, तर लेन्स विकणारा ही कटकट कशाला घेईल.

स्टुडिओकाका:
घुंगरांचं एकदम खरं. माझ्या डब्ल्यू३ वर लग्नात मुंडावळ्यांनी हेच केलं होतं, नवरदेव सोडून भलतंच काहीतरी पुढे आलं होतं.

लाकडीबैल_नागपूर:
अपडेट! या वेळी *उजवी* लेन्स निवडली, रिंग अगदी थोडी थोडी, दर वेळी सेलवर परत ऑटोफोकस करून दोन फोटो. चौथ्या वेळी दोन्ही चित्रांत मधला सेल कडक. नंतर ३५ वर पण तपासलं, तिथे पण जुळलं. मोठा बैल आता ३५ वरून, छोटे २५ वरून काढते, मागे काळी घोंगडी लावली दीड हातावर, एफ/५.६. शिंगाच्या कडेवर चौकोन, बाजूने टॉर्च, मग मॅन्युअलवर लॉक. पंधरा मिनिटं हेडसेट लावून बसली, कपाळ शांत.

पोपड्याखाली जुना निळा रंग आहे, तो पहिल्यांदा दिसला. आजोबांनी कधी सांगितलंच नव्हतं की हा बैल आधी निळा होता.

दुकानवाल्याला फोन केला तर म्हणे हो, आधीच्या गिऱ्हाइकाने "काहीतरी फिरवलं होतं" लग्नाच्या शूटमध्ये. मग आधी सांगायचं नाही का!

तर्री_जास्त:
निळा बैल 😍 फोटो टाक ना ताई इथे, साधा तरी.

मारबतीची (मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी आहे, तेव्हा पण हीच लेन्स घेऊन उतरणार का? पिवळी मारबत थ्रीडीत पाहायला मजा येईल.

लाकडीबैल_नागपूर:
उतरायचं आहे पण व्हिडिओ. चालत्या मिरवणुकीत फोकस कसा ठेवायचा?

अर्धा_पिक्सेल:
ऑटोफोकस बंद. व्हिडिओत फोकस हलला की दोन्ही चित्रांचा आकार किंचित बदलतो आणि हेडसेटमध्ये आख्खा रस्ता पुढेमागे श्वास घेतल्यासारखा वाटतो. एफ/५.६, कुठल्याही खांबावर दीड मीटरला फोकस करून लॉक करा, पाऊण मीटरपासून पुढे सगळं कडक मिळेल. तेवढ्या आत कोणी आलं तर तुम्हीच मागे सरका. पण १२ मिमीच्या अंतराला उंच मारबत दुरून सपाटच दिसेल, तेव्हा तिच्यापेक्षा जवळून जाणारी माणसं, झेंडे, मारबतीसोबतचे बडगे म्हणजे पुतळे असं काही फ्रेममध्ये ठेवा.

स्टुडिओकाका:
आणि निघायच्या आधी सकाळी सेलची टेस्ट एकदा परत कर. रिंग बॅगेत घासून फिरते. सेल बाबांच्या रिमोटमधले नको घेऊ, माझ्याकडे डबाभर पडले आहेत, बर्डीवर आली की घेऊन जा.